पाचोरा-जामनेरची लहान गाडी

प्रवास म्हणजे केवळ एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचणे असेल, तर सर्वांत वेगवान गाडी तीच सर्वांत उत्तम म्हटली पाहिजे. परंतु मुलांना हा हिशेब मान्य नसतो. पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली ‘फुलराणी’ ही छोटी गाडी सुरू झाली. ती कोणास परगावी नेणारी नव्हे. झाडांमधून फेरी मारून निघाल्या ठिकाणीच परत येणारी. तरीही पिढ्यानपिढ्या मुले तिच्यात हौसेने बसली.

खानदेशापाशी तर याहून मोलाची गाडी होती. पाचोरा ते जामनेर हा ५६ किलोमीटरांचा नॅरोगेज मार्ग पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या सुमारास सुरू झाला. ‘पीजे’ या नावाने ही गाडी लोकांच्या तोंडी रुळली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. आरंभी तिला वाफेचे इंजिन ओढीत असे. कोळशाच्या आचेने पाण्याची वाफ होते. ती मूळ पाण्याच्या दीड हजार पटींहून अधिक जागा मागते. त्या रेट्याने दट्ट्या सरकतो आणि चाके फिरतात. चाकांना जोडलेला दांडा पुढेमागे होताना बाहेरूनही दिसे. यंत्रशास्त्राचा पहिला धडा मुलांना फलाटावरच मिळे.

गाडीची चाल संथ. म्हणून खिडकीबाहेरचे जग नीट पाहता येई. काळ्या जमिनीतील कपाशी, दक्षिणेकडे अजिंठ्याच्या डोंगरांची निळसर रांग, यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले शेंदुर्णी आणि जेथे उतरून प्रवासी अजिंठ्याची लेणी पाहावयास जात, ते पहूर. आपला मुलूख कसा आहे, हे या गाडीने कित्येकांना दाखविले.

२०२० सालच्या टाळेबंदीत ही गाडी थांबली. मार्ग ब्रॉडगेज करण्याचे ठरले आणि ते योग्यच आहे. शेतकऱ्याचा माल बाजारात वेळेवर पोहोचला पाहिजे. विद्यार्थी आणि रुग्ण यांचा वेळ वाचला पाहिजे. केवळ जुन्याच्या प्रेमापोटी त्यांची सोय अडवून धरणे हा शहाणपणा नव्हे.

तथापि, नवे स्वीकारताना जुने सारेच भंगारात घालावे, असेही नाही. नागपूरला मोतीबाग येथे २००२ साली नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय उभे राहिले. तसेच पाचोऱ्यास किंवा जामनेरास एखाद्या बागेभोवती जुन्या मापाचे किलोमीटरभर रूळ राखावेत. त्यांवर वाफेचे एखादे लहान इंजिन आणि दोन डबे चालवावेत. खर्च होईल, देखभालही करावी लागेल. परंतु त्यात बसणाऱ्या मुलांना आपल्या आजोबा-पणजोबांचा प्रवास कसा होता, हे पुस्तकाविना कळेल. काचेआड ठेवलेली वस्तू माहिती देते. चालती वस्तू जिव्हाळा निर्माण करते. ज्या मुलुखाविषयी असा जिव्हाळा वाटतो, त्याची जपणूक माणसे आपण होऊन करतात.