लोकप्रतिनिधींना टॅब्लेट द्यावा, पण शिंप्याच्या अटींवर

आमदार-खासदारांना सरकारी पैशाने टॅब्लेट घेऊन द्यावेत काय, हा विषय निघाला की आमच्या बाजारपेठेत उत्तर तयार असते : ज्याच्या दारात दोन-दोन मोटारी उभ्या आहेत त्याला आणखी हे खेळणे कशाला? गिऱ्हाईक मान डोलावते, दुकानदारही मान डोलावतो आणि विषय तेथेच संपतो. आम्ही या बाबतीत बाजाराच्या मताशी सहमत नाही. हिवरखेडसारख्या गावात कापडाचा धंदा करणाऱ्याने आमदारांची बाजू घ्यावी याचे काही वाचकांना नवल वाटेल. म्हणून जरा हिशेबाने बोलू.

आपल्या राज्याच्या विधानसभेत २८८ आणि विधान परिषदेत ७८, अशा एकूण ३६६ जागा आहेत. अधिवेशन भरले की या प्रत्येक सदस्यासाठी तारांकित प्रश्नांच्या याद्या, लक्षवेधी सूचना, विधेयके, पुरवणी मागण्यांची पुस्तके आणि समित्यांचे अहवाल तयार करावे लागतात. अर्थसंकल्पाच्या दिवशी तर कागदांची बॅगच हातात पडत असे. त्यातून आपल्याकडे अधिवेशने दोन शहरांत भरतात. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला दिलेल्या शब्दाप्रमाणे हिवाळी अधिवेशन नागपुरास होते व त्यासाठी मुंबईहून फायलींचे गठ्ठे ट्रक भरभरून नागपूरला जातात आणि अधिवेशन संपले की परत येतात. एखाद्या व्यापाऱ्याने दिवाळीची खरेदी करायला आपल्या सगळ्या जुन्या वह्या बरोबर घेऊन सुरत गाठावी, तसाच हा प्रकार. तेव्हा कागद कमी होऊन तो पडद्यावर दिसू लागला तर त्यात उधळपट्टी नाही.

दुसऱ्या राज्यांनी हे केलेही आहे. हिमाचल प्रदेशची विधानसभा ऑगस्ट २०१४ मध्ये कागदविरहित झाली. पुढे केंद्राने सर्व राज्यांसाठी ‘नेवा’ म्हणजे राष्ट्रीय ई-विधान ही योजना आणली. तिचा एकूण खर्च ६७३.९४ कोटी रुपये धरला आहे आणि महाराष्ट्रासारख्या राज्यांना ६० टक्के रक्कम केंद्राकडून मिळते, ४० टक्के स्वतःची घालावी लागते. नागालँडने मार्च २०२२ मध्ये आणि गुजरातने सप्टेंबर २०२३ मध्ये ही पद्धत सुरू केली. दिल्लीत अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०१९ साली अर्थसंकल्प लाल कापडात बांधलेल्या वहीखात्यातून आणला होता. २०२१ साली त्याच लाल कापडात टॅब्लेट आला. कापड व्यापारी म्हणून आम्हाला तेवढेच समाधान की खारव्याची सद्दी अजून संपली नाही!

मात्र बचतीचे जे आकडे सांगितले जातात ते व्यापाऱ्याने डोळे मिटून घेऊ नयेत. हिमाचलमध्ये वर्षाला सुमारे १५ कोटी रुपये वाचतील असे त्या वेळी सांगण्यात आले. तेथील आमदार ६८. भागाकार केला तर एका आमदारामागे २२ लाख रुपये होतात. छपाई, वाहतूक, मनुष्यबळ सगळे धरले तरी एवढे पैसे एका माणसाच्या कागदावर जात असतील, तर आधी तो छापखाना कोणाचा होता हे विचारले पाहिजे. खरेदी मंजूर करून घेताना बचत फुगवून सांगायची आणि खरेदी झाल्यावर तिचे नावही काढायचे नाही, ही रीत सरकारी कचेऱ्यांत आहे तशी आपल्या बाजारातही आहे.

बचत बाजूला ठेवली तरी टॅब्लेटचा खरा उपयोग निराळाच आहे. कापड व्यापाऱ्यांना २०२१ चा डिसेंबर आठवत असेल. कापडावरील जीएसटी ५ टक्क्यांवरून १२ टक्के करण्याची अधिसूचना १८ नोव्हेंबर २०२१ रोजी निघाली होती आणि १ जानेवारी २०२२ पासून ती लागू व्हायची होती. सुरत, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी सगळीकडे गडबड उडाली. शेवटी ३१ डिसेंबरला, म्हणजे अगदी आदल्या दिवशी, जीएसटी परिषदेने ती वाढ थांबवली. या मधल्या काळात, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत, राज्याचे अधिवेशन त्या वर्षी मुंबईत चालू होते. जीएसटी परिषदेत राज्याचा मंत्री बसतो, म्हणजे राज्याच्या सभागृहात हा प्रश्न विचारण्यासारखा होता. अशा वेळी ज्या आमदाराच्या हातात अधिसूचना, आधीच्या परिषदांचे निर्णय आणि आपल्या जिल्ह्यातील मागांची संख्या लगेच उघडेल, तो उभा राहून दोन नेमके प्रश्न विचारू शकतो. ज्याच्या हातात काही नाही तो घोषणा देतो. आम्हाला पहिल्या प्रकारचा आमदार हवा आहे. त्यासाठी टॅब्लेटचे चार पैसे जास्त गेले तरी त्यात आमचेच भले आहे.

तेव्हा टॅब्लेट हे हत्यार आहे हे आम्ही मान्य करतो. पण हत्यार म्हटले की हत्याराचे नियम आले आणि येथेच आमची खरी तक्रार सुरू होते.

सरकार गरीब कारागिराला हत्यार घेऊन देते ते कसे, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांनी अनुभवले आहे. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. शिंपी, लोहार, सुतार, गवंडी, न्हावी, चांभार, धोबी यांत आपल्या समाजाचे कितीतरी लोक मोडतात. शिंप्याला हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. पण त्याआधी त्याला सेवा केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागतो. मग ग्रामपंचायत किंवा नगर परिषद, मग जिल्हा समिती, मग वरची छाननी समिती अशा तीन पायऱ्यांवर पडताळणी होते. मग पाच ते सात दिवसांचे प्रशिक्षण घ्यावे लागते. आणि जी रक्कम मिळते तीही रोख नसते, ई-व्हाउचरने मिळते, म्हणजे हत्यारांखेरीज दुसरीकडे खर्चता येत नाही. शिवाय एका कुटुंबातील एकाच माणसाला लाभ. आम्ही या अटींच्या विरुद्ध नाही. सरकारी पैसा आहे, तपासून द्यावा. आमचे म्हणणे एवढेच की चाळीस वर्षे मशीन चालवणाऱ्या शिंप्याला कात्री धरता येते की नाही हे जे सरकार तपासते, त्याने आमदाराला टॅब्लेट देताना तो उघडता येतो की नाही हे तरी पाहावे. आठवडाभराचे प्रशिक्षण त्यांनाही असावे. आणि ‘कुटुंबातील एकालाच’ ही अट महाराष्ट्रातील लोकप्रतिनिधींना लावली तर बरेच टॅब्लेट शिल्लक राहतील, असा आमचा अंदाज आहे!

आता भत्त्यांचे पाहू. आमदारांच्या मासिक भत्त्यांचा जो तपशील वेळोवेळी प्रसिद्ध झाला आहे त्यात दूरध्वनीसाठी ८ हजार, लेखनसामग्री व टपालासाठी १० हजार आणि संगणक चालकासाठी १० हजार रुपये अशा रकमा आहेत. स्वीय सहायकाचा पगार वेगळा. ऑगस्ट २०१६ मध्ये पगार व भत्त्यांची वाढ अधिवेशनाच्या अखेरीस चर्चेविना मंजूर झाली होती, हेही वाचकांना आठवत असेल. वरील तीन भत्तेच धरले तर महिन्याला २८ हजार होतात. ३६६ सदस्यांचे वर्षाचे १२ कोटी २९ लाख ७६ हजार रुपये. उलट एक टॅब्लेट ३० हजारांचा धरला तर ३६६ टॅब्लेट एक कोटी दहा लाखांच्या आत येतात आणि तेही पाच वर्षांतून एकदा. म्हणजे लोक ज्या टॅब्लेटवर ओरडतात तो खर्च लहान आहे. मोठा खर्च मागच्या दाराने दरमहा चालूच आहे आणि त्याकडे कोणाचे लक्ष नाही.

ज्या दुकानदाराने खतावणी बंद करून संगणकावर हिशेब सुरू केला तो वह्या घेणे थांबवतो. संगणकही घेतला, वह्याही तेवढ्याच घेतल्या आणि दोन्हींसाठी माणूसही ठेवला, तर त्या दुकानाचे दिवाळे वाजायला वेळ लागत नाही. टॅब्लेट दिल्यावर लेखनसामग्रीचा भत्ता किती कमी होणार? स्वतःच्या हाताने टॅब्लेट चालवणाऱ्या सदस्याला संगणक चालकाचे १० हजार कशासाठी? टॅब्लेट खरेदीच्या प्रस्तावातच या दोन प्रश्नांची उत्तरे लिहून यावीत. ती नसतील तर तो प्रस्ताव कागद वाचवण्याचा नाही, भत्त्यात आणखी एका वस्तूची भर घालण्याचा आहे, असे समजायला हरकत नाही.

आम्हा व्यापाऱ्यांना हे टोचते त्याला कारण आहे. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला तेव्हा लहान दुकानदाराला संगणक सरकारने घेऊन दिला नाही. विवरणपत्र ऑनलाइनच भरायचे. उशीर झाला तर रोज ५० रुपये शुल्क, व्यवहार शून्य असला तरी रोज २० रुपये. परराज्यातून ५० हजारांहून अधिक किमतीचा माल आणला तर ई-वे बिल. आमच्यासारखे ज्यांचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि ज्यांना मराठी बाजाराने शिकवली, त्यांनी इंग्रजीतले ते रकाने कसे भरले हे ज्याचे त्याला माहीत. २०२४ साली यंत्रमागांना विजेच्या दरात जादा सवलत जाहीर झाली, २७ अश्वशक्तीपर्यंत युनिटमागे १ रुपया आणि त्यावरच्यांना ७५ पैसे. पण तिला ऑनलाइन नोंदणीची अट होती. मालेगाव-भिवंडीचा विणकर त्या अटीत असा अडकला की शेवटी सरकारला अट शिथिल करावी लागली. ज्या सभागृहातून हे सगळे नियम येतात तेथे बसणाऱ्यांनी निदान एकदा तरी स्वतःच्या बोटाने एखादा अर्ज भरून पाहावा. आमदारांना टॅब्लेट देण्यास आमचा पाठिंबा आहे त्याचे हेही एक कारण आहे.

वस्तू कोणती घ्यावी हा प्रश्नही लहान नाही. अंगणवाडी सेविकांचे उदाहरण ताजे आहे. त्यांना सरकारने मोबाइल दिले, पण ते इतक्या कमी क्षमतेचे होते की ॲप चालेना आणि ‘पोषण ट्रॅकर’ इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी मोर्चे काढून ते मोबाइल परत केले. ज्या बाईला रोज चाळीस मुलांची नोंद करायची तिला हलका माल आणि ज्याला वर्षातून काही आठवडे सभागृहात बसायचे त्याला भारी कंपनीचा, असे होऊ नये. दोघांनाही कामापुरता, मराठीत चालणारा आणि दुरुस्तीचा करार असलेला माल घ्यावा. निविदेत ठरावीक कंपनीचे नाव आडून घालू नये. नुसती किंमत पाहून घेतलेल्या तागा पहिल्या धुण्यात आटतो, हे कापडवाल्याला कोणी सांगायला नको.

आणि तो टॅब्लेट सभागृहाच्या नावावर राहावा, सदस्याच्या नाही. दुकानातला मीटर दुकानाचा असतो, नोकर सोडून गेला तर मीटर घेऊन जात नाही. मुदत संपली की वस्तू जमा झाली पाहिजे, हरवली तर भरपाई. हजरत उमर बिन अब्दुल अजीज यांच्याबद्दल आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत की सरकारी कामाचा दिवा वेगळा आणि घरच्या गोष्टी निघाल्या की तो विझवून स्वतःच्या तेलाचा दिवा लावीत. बैतुलमालचे तेल किती जळत होते हा तेथे प्रश्नच नव्हता. आज घरोघरी मोबाइल असताना आमदाराला सरकारी टॅब्लेटवर सिनेमा पाहायची गरज पडू नये.

शेवटची अट आमच्या सर्वांच्या कामाची आहे. जे कागद आमदाराच्या टॅब्लेटवर उघडतात तेच आमच्या मोबाइलवर त्याच दिवशी उघडले पाहिजेत. फोटो काढून चढवलेली पाने नकोत, शब्द टाकला की सापडेल असा मराठी मजकूर हवा. आमच्या हिवरखेडवरून जाणारी अकोला–खांडवा मीटरगेज गाडी गेली. अकोल्याहून अकोटपर्यंत ब्रॉडगेज गाडी २०२२ साली सुरू झाली. त्यापुढचा हिवरखेडकडचा टप्पा मात्र मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून न्यायचा की वळसा घालून, या वादात रखडला. हा मार्ग बऱ्हाणपूरच्या कापडाला आणि आमच्या कापसाला जोडणारा. या विषयावर सभागृहात कोणी, केव्हा, किती वेळा तोंड उघडले हे इथल्या दुकानदाराला आपल्या गल्ल्यावर बसून पाहता आले, तर आमदाराच्या हातातील टॅब्लेटचे पैसे त्याच्या लेखी वसूल झाले.

आता आमच्या गावातही ग्रामपंचायत जाऊन नगर परिषद आली आहे. मुंबईत जे आमदारांना मिळते ते उद्या येथील नगरसेवक मागतील, हे जगरहाटीप्रमाणे धरून चालावे. तसा ठराव आला तर आमच्या व्यापारी बांधवांनी तो हसण्यावारी नेऊ नये व लगेच विरोधही करू नये. सभेच्या दिवशी जाऊन बसावे आणि विचारावे : कितीचा, कोणाच्या नावावर, मुदत संपल्यावर कोठे जमा, आणि सभेचे इतिवृत्त आम्हाला केव्हा वाचायला मिळणार.