आधी पाणी, मग मासा

घरात मत्स्यपेटी आणायचे ठरले की बहुतेक कुटुंबांत चर्चा होते ती रंगांची. धाकट्याला लाल मासा हवा असतो, थोरलीला पट्ट्यापट्ट्यांचा, आजोबांना वास्तुशास्त्रात सांगितलेला सोनेरी आणि आईची अट एकच, की रोजची पुसापुशी मागे लागायला नको. या सगळ्या मागण्या एका पिशवीत बसवून मासे घरी येतात. चर्चेत एकच विषय निघत नाही, तो म्हणजे पाण्याचा. ज्या जिवाला चोवीस तास पाण्यातच काढायचे आहेत, त्याची निवड पाणी सोडून इतर सर्व गोष्टी पाहून व्हावी, याचे मला नेहमी नवल वाटते.

आमच्या वरूडच्या बाबतीत तर हे नवल दुप्पट आहे. इथला माणूस पाणी आणि माती पाहिल्याशिवाय झाड लावत नाही. संत्र्याची बाग लावण्याआधी जमीन खणून पाहतात, खाली चुनखडी लागते का ते तपासतात. चुनखडीच्या जमिनीत संत्र्याचे पान पिवळे पडते आणि झाड काही वर्षांत बसते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. कलम जंबेरीच्या खुंटावर घ्यायचे की रंगपूरच्या, यावर ओट्यावर बसून तासभर वाद होतो. मग हाच शेतकरी पोरासाठी मासे घेताना दुकानदाराला एवढेही का विचारत नाही, की हा मासा आमच्या पाण्यात जगेल का?

आमचे पाणी कसे आहे, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर साचणारा पांढरा थर पाहावा. गिझरचे कॉइल उघडून पाहावे. साबणाला फेस येत नाही, तुरीची डाळ लवकर शिजत नाही, तेव्हा घरातली बाई म्हणते, ‘पाणी जड आहे.’ तिचे निदान अचूक असते. भूजलाच्या अतिउपशासाठी आमचा तालुका राज्यभर ओळखला जातो. बोअर शेकडो फूट खाली गेल्या आहेत. खडकात दीर्घकाळ मुरलेले हे पाणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन वर येते. ते जड असते आणि बहुधा अल्कधर्मीही.

आता दुकानातल्या काचेत चमकणारा निऑन टेट्रा घ्या. निळ्या-लाल पट्ट्याचा हा इवलासा मासा मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथले पाणी पावसासारखे हलके, आम्लधर्मी, पालापाचोळ्याने चहासारखे तांबूस झालेले. त्याला वरूडच्या बोअरच्या पाण्यात टाकणे म्हणजे संत्र्याचे कलम चुनखडीत लावणे होय. काही दिवस तो पोहतो, मग रंग उतरतो, मग एका सकाळी दिसत नाही. दोष कोणाचा? माशाचा नाही, पाण्याचाही नाही; निवडीचा.

गोल्डफिशची गोष्ट वेगळी. त्याला जड पाणी चालते, पण छोटी पेटी चालत नाही. कार्पच्या कुळातला हा मासा हातभर पाण्यात ठेवायचा नसतो. नीट सांभाळला तर तो दहा-पंधरा वर्षे जगतो आणि वीतभर वाढतो. त्याला थंड पाणी मानवते, घाण भरपूर करतो आणि लावलेली रोपे उपटून खातो. तरीही काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्याची हौस जात नाही. रोम शहराने २००५ साली अशा गोल भांड्यांवर बंदी घातली, तेव्हा अनेकांना हसू आले होते. मला त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. एंजल उंच वाढतो आणि लहान मासे गिळतो; ऑस्कर फूटभर होतो; भरभराटीसाठी म्हणून विकला जाणारा अरोवाना दोन-तीन फुटांचा होतो. ‘काच साफ करतो’ म्हणून दिला जाणारा सकर मासाही बोटाएवढा येतो आणि हाताएवढा होतो. ‘मिस केरळ’ नावाने मिळणारा देखणा मासा तर सह्याद्रीच्या मोजक्या नद्यांतला, आज संकटग्रस्त यादीत असलेला. दोन फुटी पेटीत यांपैकी कोणालाही जागा नाही.

मग जागा कोणाला? माझे उत्तर अनेकांना फारच साधे वाटेल: गप्पीला. हो, तोच गप्पी, जो डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते हौदांत सोडायला सांगते. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा आणि त्रिनिदादचा हा मासा. त्रिनिदादच्या गप्पी आडनावाच्या गृहस्थांवरून त्याला नाव पडले. जड, अल्कधर्मी पाणी हे त्याचे माहेर. रंगीत जातीच्या नराची शेपटी पाहिली, की निऑनची आठवण राहत नाही. अट एकच, फक्त नर घ्यावेत. मादी अंडी न घालता थेट पिल्ले देते, तीही साधारण महिन्याला, आणि एकदा संग झाल्यावर पुढचे कित्येक महिने नराशिवाय देत राहते. सहा मासे आणून दिवाळीपर्यंत साठ झाले, तर तक्रार करू नये. मेक्सिकोकडचा प्लॅटीही असाच. जड पाण्यात खूश राहणारा, शांत, दोन-अडीच इंचांचा. त्याचेही एकाच लिंगाचे मासे घ्यावेत.

दुसरे नाव आपल्याच देशातले. निळसर अंगावर आडवे पट्टे असलेला झेब्रा डॅनिओ. फ्रान्सिस हॅमिल्टनने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर १८२२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन आले. आज जगभरच्या प्रयोगशाळांत माणसाच्या रोगांचा अभ्यास याच माशावर होतो. २०१३ साली त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी प्रसिद्ध झाली. थंडी-उन्हाचा मोठा फरक तो सोसतो. मात्र तो एकटा राहत नाही, किमान सहाचा थवा हवा. आणि उडी मारतो, म्हणून पेटीला झाकण हवे. त्याच ग्रंथात वर्णन आलेला हनी गुरामी हा तिसरा. आपली मरळ जशी पाण्यावर तोंड काढून हवा घेते, तसा गुरामीही घेतो. मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि हवेचा पंप थांबला, तरी तो तग धरतो. आमच्या भागात हा गुण रंगापेक्षा मोलाचा.

वनस्पतींनाही हाच न्याय. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट या आपल्याकडच्या तळ्या-ओढ्यांतल्या जलवनस्पती. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कर्ब घेण्याची कला त्यांना साधलेली आहे, म्हणून महागड्या गॅसच्या नळकांडीवाचून त्या वाढतात. तळाला साधी धुतलेली बारीक वाळू घालावी. त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकून पाहावेत. फसफसले तर त्यात चुना आहे, तो पाणी आणखी जड करील. आरओचे निव्वळ पाणी भरण्याची चूकही करू नये. त्यात क्षारच नसतात. बाष्पीभवनाने घटलेले पाणी भरून काढायला मात्र ते किंवा गच्चीवरचे स्वच्छ पावसाचे पाणी उत्तम, कारण वाफ पाण्याची होते, क्षार मागेच राहतात.

आणि घाई नको. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात. त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू वाळूत आणि फिल्टरमध्ये रुजायला चार-सहा आठवडे लागतात. पाणी जितके अल्कधर्मी आणि जितके गरम, तितका अमोनिया अधिक विषारी; म्हणजे वरूडच्या उन्हाळ्यात चूक महागात पडते. म्हणून पेटी आषाढ-श्रावणात लावावी, आधी रोपे रुजू द्यावीत, मग दोन-तीन मासे आणावेत, महिनाभराने बाकीचे. २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच पेटीत जेमतेम पन्नास लिटर पाणी मावते. त्यात दहा-बारा लहान मासे पुरेत. पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या दिवसांत पेटी कूलरच्या झुळकीत ठेवावी आणि खाणे निम्म्यावर आणावे. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हे विसरू नये.

यावर दोन आक्षेप मी ऐकत आलो आहे. पहिला असा, की जिथे बागा वाळतात तिथे हा चोचला कशाला? आक्षेप रास्त आहे, पण हिशेब पाहावा. आठवड्याला बदलायचे दहा-बारा लिटर पाणी. त्याहून कितीतरी अधिक कूलर एका दिवसात पितो. आणि हे बदललेले पाणी वाया जात नाही. त्यातले नायट्रेट म्हणजे खतच; ते अंगणातल्या झाडाला घालावे.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ‘मेले तं मेले, दुसरे आणू. वीस रुपयाचा तं जीव!’ हे वाक्य मुलांच्या देखत बोलले जाते. मासा मेल्यावर मूल पहिल्यांदा रडते, दुसऱ्यांदा गप्प बसते आणि तिसऱ्यांदा नवा मागते. आपण त्याला काय शिकवले? जीव बदलून मिळतो, हे! मत्स्यपेटीचा घरातला खरा उपयोग याच्या नेमका उलट आहे. ज्याला बोलता येत नाही त्याची गरज आधी ओळखायची, आपली हौस मागाहून, हे शिकायला यासारखी स्वस्त शाळा नाही.

याच कारणाने नको झालेला मासा वर्धा नदीत किंवा धरणात सोडू नये. त्यात पुण्य नाही. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेचा सकर मासा सापडला. तो तिथवर पोहत आलेला नव्हता. कुणाच्या तरी पेटीत तो मावेनासा झाला असणार. गप्पीसुद्धा बंद हौदात गुणाचा. ओढ्यात तो आपल्या माशांची अंडी-पिल्ले खातो.

तेव्हा मासे आणायला नागपूर-अमरावतीला निघण्यापूर्वी घरच्या बादलीत एकदा पाहावे. हे पाणी कुठून आले, किती खोलून आले, त्यात काय विरघळले आहे, हे मुलांना विचारावे, आपणही शोधावे. पाण्याची अशी चौकशी ज्या घरात होईल, तिथे मासे तर जगतीलच. पण बोअर आणखी शंभर फूट खाली नेण्यापूर्वी त्या घरात कोणी तरी थांबून विचार करील, अशी मला आशा आहे.