मांजराला चतकोर भाकर घाला

खेड्यात मांजर कुणी विकत घेत नाही. ते कुणाच्या तरी माळ्यावर जन्मतं, डोळे उघडले की घरभर हिंडतं आणि दूध सांडलं की शिव्या खातं. बैलाला पोळा आहे, गाईला वसुबारस आहे, नागालासुद्धा पंचमी आहे. मांजराच्या वाट्याला एवढंच, की ते आडवं गेलं तर माणूस चार पावलं मागं फिरतो. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं जुनी माणसं सांगत. त्यामुळं त्याला कुणी मारत नाही, पण कुणी पाळतही नाही. नुसतं असू देतात. माझं म्हणणं असं आहे की हे ‘असू देणं’ सोडून शेतकऱ्यानं मांजर रीतसर पाळावं. त्यात धान्याचा फायदा आहे, आरोग्याचा आहे आणि घरातल्या माणसांच्या मनाचाही आहे.

आधी धान्याचा हिशेब मांडू. घरातला उंदीर रोज आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं खातो. दीडशे ग्रॅमचा उंदीर धरला तर रोजचे पंधरा ग्रॅम, म्हणजे वर्षाला जवळजवळ साडेपाच किलो. माळ्यावर आणि पोत्यांच्या मागं असे वीस उंदीर असले तर क्विंटलभर ज्वारी गेलीच म्हणून समजा. शिवाय लेंड्या आणि मूत पडून जे नासतं ते वेगळंच. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते. म्हणजे खाणारी तोंडं किती वेगानं वाढतात ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

धान्य एक वेळ परत पिकवता येतं, आरोग्य गेलं की परत येणं अवघड. उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार पसरतो. पावसाळ्यात गोठ्याच्या, ओढ्याच्या घाण पाण्यात पायाला चीर असताना उतरलं की जंतू अंगात शिरतो. आपल्या मराठवाड्यानं तर १९९४ साल पाहिलेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर पडझड झालेल्या, माणसांनी सोडलेल्या घरांत धान्य तसंच राहिलं आणि उंदीर माजले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचे रुग्ण आढळले. त्यामागं हे माजलेले उंदीरच असावेत, असं अनेक जाणकारांनी सांगितलं. मांजरं असती तर प्लेग आला नसता, असं मी म्हणणार नाही. मांजरालाही प्लेग होतो. पण माणूस आणि धान्य एका छपराखाली राहतात तिथं उंदीर माजू देणं म्हणजे आजाराला आवतण, एवढं तरी त्यातून शिकावं.

उंदीर झाले की आपण काय करतो? बाजारातून औषधाची पुडी आणतो, पिठाच्या गोळीत कालवतो आणि फडताळाखाली ठेवतो. झिंक फॉस्फाईडच्या विषबाधेवर नेमका असा उतारा नाही. ते पोटात गेलं तर डॉक्टरही फक्त लक्षणांवर इलाज करू शकतात. रांगतं लेकरू, शेळीचं करडू, कोंबडी यांना ती गोळी आणि खाऊ यातला फरक कळत नाही. रागाच्या एका घटकेला मोठ्या माणसाचा हातही त्याच पुडीकडं जातो, हे गावोगाव कुणाला ठाऊक नाही? विष खाल्लेला उंदीर मांजरानं खाल्ला तर मांजरही मरू शकतं. म्हणजे पुडी आणून आपण आपला राखणदारच घालवतो. शेतात शिफारशीप्रमाणं, काळजीनं औषध वापरणं निराळं आणि राहत्या घरात वापरणं निराळं. घरातून ही पुडी हद्दपार झाली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

मग मांजर एकट्यानं सगळे उंदीर संपवील का? तसं नाही, आणि शेतकऱ्याला खोटी आशा लावू नये. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरात एका कचरा केंद्रावर भटक्या मांजरांवर कॅमेरे लावून ७९ दिवस पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. एवढ्या दिवसांत मांजरांनी फक्त दोन उंदीर मारलेले दिसले. मोठ्या, दांडग्या उंदराच्या वाटेला मांजर सहसा जात नाही. आपल्याकडची घूसही तशीच. पण दुसरी बाजूही बघा. इंग्लंडमधले प्राणिशास्त्रज्ञ चार्ल्स एल्टन यांनी शेतावरच्या मांजरांचा अभ्यास करून १९५३ साली तो प्रसिद्ध केला. जिथं आधी उंदीर साफ केले आणि मग मांजरांना रोज दूध देऊन घरा-गोठ्याजवळ टिकवलं, तिथं उंदीर पुन्हा शिरेनात. उंदरांनी आधीच ठाण मांडलेलं असेल तिथं मात्र मांजरांचं फारसं चाललं नाही.

यातून आपल्याला क्रम कळतो. आधी पिंजरे लावून उंदीर कमी करायचे, बिळं बुजवायची, पोती भिंतीपासून हातभर लांब फळ्यांवर रचायची, शक्य असेल तर धान्य पत्र्याच्या कोठीत भरायचं. मग मांजर बसवायचं. मांजर हा राखणदार आहे. राखणदारानं राखण करावी, पण कुंपण आपणच घालायचं असतं.

इथं एक जुना गैरसमज आडवा येतो. ‘मांजराला खायला घातलं की ते उंदीर धरत नाही.’ हे खरं नाही. मांजर नुसतं भुकेपोटी शिकार करत नाही, ती त्याची जातच आहे. उपाशी मांजर तुमच्या घरी थांबत नाही, शेजारच्या दुधावर आणि कोंबडीच्या पिल्लांवर जातं. पोटभर खाणारं मांजर घर धरून राहतं आणि रात्री माळ्यावर फेरी मारतं. तेव्हा रोज ठरल्या वेळी चतकोर भाकर कुस्करून, तिच्यात कधी अंडं, कधी सुकट, कधी मटणाचा तुकडा घालून द्या. नुसत्या भाकरीवर मांजराचं भागत नाही, त्याला मांसाहार लागतोच. मोठ्या मांजराला दूध पुष्कळदा पचत नाही, हगवण लागते. पाण्याची वाटी मात्र कायम भरलेली हवी.

आता मनाची गोष्ट. आमच्या बीड भागात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात, त्या पार उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. जिथं ऊसतोड नाही तिथली पोरं पुण्याला कंपनीत आहेत. वाडी-तांड्यावर मागं राहतात म्हातारी माणसं आणि एखादं शाळेतलं नातवंड. कामानिमित्त अशा घरांच्या ओसरीवर मला पुष्कळदा बसावं लागतं. एकटी म्हातारी स्वतःपुरती चूल पेटवायचा कंटाळा करते. सकाळची भाकर पाण्याबरोबर खाते आणि पडून राहते. पण घरात मांजर असलं तर ते सांजच्याला पायात घोटाळतं, ओरडून हाक मारतं. मग ‘आली का गं बया, कुठं उंडारली व्हतीस दिवसभर?’ म्हणत म्हातारी उठते. मांजरासाठी म्हणून चूल पेटते आणि तिच्याही पोटात दोन घास ऊन जातात. दिवसभरात तिच्या तोंडून निघालेले ते पहिले शब्द असतात. याला औषध म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

अमेरिकेत ४,४३५ लोकांच्या माहितीवर झालेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. कधी ना कधी मांजर पाळलेल्यांत हृदयविकाराच्या झटक्यानं मरणाऱ्यांचं प्रमाण कमी दिसलं. मांजरामुळंच तसं झालं, हे त्यातून सिद्ध होत नाही. शांत स्वभावाची माणसंच मांजर पाळत असतील, असंही असू शकतं. पण मांडीवर गुरगुरणारं मांजर घेऊन बसलेला माणूस घटकाभर निवांत होतो, हे कळायला अभ्यास लागत नाही. कर्जाचा, पावसाचा, पोरीच्या लग्नाचा घोर डोक्यात असलेल्या माणसाला तेवढी घटकाही मोलाची. अर्थात मांजर म्हणजे पोटचा मुलगा नव्हे. मुलाचा फोन, आशाताईची फेरी आणि वेळेवरच्या गोळ्या म्हातारपणी लागतातच.

पाळायचं म्हटल्यावर जबाबदारीही आली. मांजराला तीन महिन्यांचं झाल्यावर पिसाळरोगाची लस द्या आणि पुढं पशुवैद्यकाच्या सांगण्याप्रमाणं ती चालू ठेवा. मांजर चावलं किंवा ओरखडलं तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. गरोदर बाईनं मांजराची घाण काढू नये. त्या घाणीतून पसरणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीनं पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. शेळ्या-मेंढ्याही त्यानं गाभडतात. म्हणून मांजराला चाऱ्यात आणि खुराकाच्या पोत्यांवर हगू देऊ नका. कोपऱ्यात माती-राखेचं घमेलं ठेवा आणि ते रोज साफ करा. कोंबडीची लहान पिल्लं डालग्याखाली ठेवा. घरात कुणाला दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच मांजर आणा.

शेवटचा मुद्दा सरपंच आणि ग्रामसेवकांसाठी. मांजरी दोन महिन्यांत विते, आणि वर्षातून दोन-तीनदाही विते. पिल्लं जास्त झाली की ती पोत्यात घालून बाजारच्या गावाला सोडून यायची, अशी आपली रीत. तोंड बांधलेलं ते पोतं म्हणजे पिल्लांचं मरणच. त्यावर नसबंदी हाच उपाय. एकेका शेतकऱ्याला मांजर घेऊन तालुक्याला जाणं जमत नाही. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्याशी बोलून ग्रामपंचायतीनं वर्षातून एकदा गावातच लसीकरण ठेवावं, आणि नसबंदीसाठी मांजरं एकत्र नेण्याची सोय करावी. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. लोक हसतील, हसू द्या. ज्या घरात औषधाची पुडी नाही, कोठीला भोक नाही आणि सांजच्याला म्हातारीला हाक मारणारं कुणीतरी आहे, ते घर सुखी म्हणायला काय हरकत आहे? त्यासाठी खर्च किती, तर रोजची चतकोर भाकर.