गाठीला सुई लावायची की नाही?

‘गाठीले सुई नोका लावू, पसरते मंग,’ हा सल्ला अमरावती-अकोल्याकडे मायेपोटीच दिला जातो. त्यामागे अनुभवही असतो: तपासणीनंतर माणूस झपाट्याने खंगलेला लोकांनी पाहिलेला असतो. पण अनेकदा त्याने सुईपर्यंत पोचायलाच उशीर केलेला असतो, आणि दोष मात्र सुईवर येतो.

काही अवयवांच्या कर्करोगात सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका क्वचित असतो, हे मान्य. वृषणातल्या गाठीला डॉक्टर म्हणूनच सुई टाळतात. लिम्फोमाची गोष्ट निराळी. तो लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग, आणि या पेशींचा धर्मच फिरण्याचा. लसीकाग्रंथीतून लसवाहिनीत, छातीतल्या मोठ्या नलिकेवाटे रक्तात, रक्तातून पुन्हा दुसऱ्या ग्रंथीत. साऱ्या शरीरात वाट असलेल्या पेशीला सुईचे छिद्र कशाला हवे?

शिवाय हा प्रसार आंधळा नसतो. सॉल रोझेनबर्ग आणि हेन्री कॅप्लान यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले, की हॉजकिन लिम्फोमा बहुधा शेजारच्या ग्रंथींकडे क्रमाने सरकतो: मानेतून छातीच्या मध्यभागी, पुढे प्लीहा आणि पोटातल्या ग्रंथींत. नॉन-हॉजकिनचे अनेक प्रकार मात्र मधले टप्पे गाळून जठर, अस्थिमज्जा, कधी मेंदूही गाठतात. कोणता प्रकार, हे ठरल्याशिवाय औषध ठरत नाही. आणि ते हाताने चाचपून कळत नाही.

‘पसरला म्हणजे संपला’ हेही खोटेच. चौथ्या टप्प्यातल्या हॉजकिनवरसुद्धा डॉक्टर रोग पूर्ण बरा करण्याच्या हेतूने उपचार करतात, आणि पुष्कळ रुग्ण बरे होतात.

खरा घात होतो तो अंदाजाने. मानेतली गाठ म्हणजे गंडमाळ, म्हणजे टीबी, असे गृहीत धरून तपासणीविना गोळ्या सुरू होतात आणि महिने हातचे जातात. आपल्याकडे ग्रंथींचा टीबी भरपूर आढळतो, त्यामुळे शंका रास्तच. पण ती सिद्ध व्हायला हवी. लिम्फोमाचा संशय असेल तर बारीक सुईने काढलेल्या चार पेशी बहुधा पुरत नाहीत, शक्य तिथे अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते.

न दुखणारी गाठ काही आठवडे टिकली, सोबत ताप, अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम किंवा वजनात घट असली, तर अकोल्याचे सर्वोपचार किंवा अमरावतीचे इर्विन रुग्णालय गाठावे. पुढे मुंबईला टाटा रुग्णालयात जावे लागले, तर शेंडगावच्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमोथेरपीचा खर्च बसतो.