सरासरीच्या पोटात

बँकेत असताना एका तालुक्याच्या शाखेत माझी बदली झाली. तिथली दर खात्यामागची सरासरी ठेव पाहून वरिष्ठ कार्यालय भलतेच खूश होते. गाव संपन्न दिसते, ठेवींचे उद्दिष्ट वाढवा, असे पत्रही आले. प्रत्यक्षात गाव कोरडवाहू. सगळी संपन्नता एका ठेकेदाराच्या मुदत ठेवीत होती. त्याने ती मोडली आणि कागदावरचे गाव एका दिवसात दरिद्री झाले. माणसे होती तशीच होती.

वैद्यकशास्त्रानेही बराच काळ असे सरासरीवर भागवले. फुप्फुसाचा तुकडा घ्यायचा, त्यातल्या लाखो पेशी एकत्र घुसळायच्या आणि त्या मिश्रणाचे मोजमाप करायचे. तेरीज जुळायची, पण घोळ कुठल्या खात्यात आहे, ते कळायचे नाही. गेल्या दीड दशकात मात्र एकेक पेशी सुटी करून तिचे खाते तपासता येऊ लागले आहे. डीएनए बहुतेक सगळ्या पेशींत तोच असतो, सर्व शाखांत एकच नियमपुस्तक असावे तसा. पण कुठल्या पेशीने त्याची कोणती पाने उघडी ठेवली, त्यावरून कोणते आदेश (त्यांना आरएनए म्हणतात) सुटले आणि कोणती प्रथिने तयार झाली, हे वेगवेगळे. यांतल्या दोन-तीन नोंदी एकाच पेशीच्या ताडून पाहायच्या, याला ‘सिंगल-सेल मल्टिओमिक्स’ म्हणतात. नाव विसरलात तरी हरकत नाही.

एकेक पेशी पाहिल्याने काय फरक पडतो? सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसात चिकट कफ साठतो. त्याचे जनुक 1989 मध्ये सापडले. ते श्वासनलिकेतल्या नेहमीच्या पेशींत थोडे थोडे काम करते, असा समज होता. 2018 मध्ये दोन संशोधक गटांनी स्वतंत्रपणे एकेक पेशी तपासली, तेव्हा शंभरात जेमतेम एक असणारी, कोणाच्या गावीही नसलेली पेशी सापडली. हे जनुक सर्वांत जोमाने चालू होते ते तिच्यातच! माशांच्या कल्ल्यांत आणि बेडकाच्या त्वचेत तिचे नातलग आधीच ठाऊक होते, म्हणून नाव पडले आयनोसाइट. पुढे माणसांच्या फुप्फुसांत इतर पेशींचाही मोठा वाटा दिसला, म्हणजे हिशेब अजून मिटलेला नाही. पण ठेकेदार सापडला, हे खरे.

माणसाच्या शरीरात अंदाजे 37 लाख कोटी पेशी. हे काम एका प्रयोगशाळेचे नव्हेच. 2016 मध्ये अविव रेगेव्ह आणि सारा टाइकमन या दोघींच्या पुढाकाराने लंडनमध्ये ‘ह्यूमन सेल अ‍ॅटलास’चा आरंभ झाला, आज त्यात हजारो शास्त्रज्ञ आहेत. पण नकाशात कोणाच्या पेशी आहेत, हा प्रश्न उरतोच. निरोगी कोणाला म्हणायचे, हे त्यावरूनच ठरणार. 2025 मध्ये जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर, थायलंड आणि भारत यांचे संयुक्त काम प्रसिद्ध झाले: 619 निरोगी माणसे, रक्तातल्या साडेबारा लाखांहून अधिक रोगप्रतिकारक पेशी. वय, लिंग आणि वंशगट यांनुसार या पेशींत फरक दिसले. म्हणजे पाश्चात्त्यांच्या रक्तावरून आपली मापे काढणे पुरेसे नव्हतेच. अर्थात एवढ्या मोठ्या आशियातली 619 माणसे म्हणजे पुन्हा सरासरीच की!

तेव्हा आपलेही रक्त या नकाशात जावे, असे मला मनापासून वाटते. फक्त ते देणाऱ्यापुढे ठेवलेले संमतिपत्र त्याच्या भाषेत असावे, ही माहिती कोण कोण वापरणार ते त्यात लिहिलेले असावे आणि कोणीतरी बसून ते वाचून दाखवावे. हा आग्रह धरण्याचा मला तसा अधिकार नाही. कर्जाच्या इंग्रजी करारांवर मी किती अंगठे उठवून घेतले, त्याची गणती नाही. एका म्हाताऱ्याने अंगठा शाईत बुडवून मध्येच हात थांबवला आणि विचारले, “साहेब, काय लिवलंय यात?” मागे रांग होती. मी म्हणालो, “नेहमीचंच.”