मॅन्युअल कोण वाचतंय?

शुक्रवारी जेवताना विषय निघाला. नवीन मॉड्यूलचं डॉक्युमेंटेशन कोणी लिहायचं यावरून आमची नेहमीची टोलवाटोलवी चालू होती. तेवढ्यात टीममधला एक जण ठसक्यात म्हणाला, "अरे मॅन्युअल कोण वाचतंय आजकाल? गेम्सची मॅन्युअलं बंद झाली, कुणाचं काही अडलं का?" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसलो, कारण डबा अर्धा राहिला होता आणि दीडला कॉल होता. पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून ही पोस्ट.

माझं म्हणणं सरळ आहे. हे वाक्य चूक आहे, आणि स्ट्रॅटेजी गेम्सच्या बाबतीत तर साफ चूक आहे. खेळणारे मॅन्युअल वाचतात. फक्त खोकं उघडल्या उघडल्या वाचत नाहीत, मार खाल्ल्यावर वाचतात. 'कोणी वाचत नाही' असं म्हणणारे लोक पहिल्या अर्ध्या तासाकडे बघून निकाल देतात.

उदाहरण घरचंच. माझ्या एका मित्राने मागच्या दिवाळीत 'युरोपा युनिव्हर्सॅलिस ४' घेतली. गेम २०१३ ची, सुरुवात १४४४ सालापासून. नकाशावर आपला मुलूख दिसल्यावर पठ्ठ्याने दुसरीकडे बघितलंच नाही, बहमनी राज्य निवडलं. ट्युटोरियल बंद केलं (अर्थातच!) आणि विजयनगरवर चाल करून गेला. जिंकला. तह करताना जेवढे प्रांत घेता येतील तेवढे घेतले. थोड्या दिवसांनी आजूबाजूची राज्यं एकत्र झाली आणि त्याला चारी बाजूंनी बडवून काढलं. रात्री साडेअकराला मला फोन: "काय फालतू गेम आहे, कॉम्प्युटर चीटिंग करतो."

चीटिंग वगैरे काही नव्हतं. दुसऱ्यांचा प्रदेश घेतला की शेजाऱ्यांच्या मनात तुमच्याबद्दल 'अ‍ॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन'चा आकडा साठत जातो, आणि तो ५० च्या वर गेलेली राज्यं तुमच्याविरुद्ध आघाडी करू शकतात. तहाच्या स्क्रीनवर तो आकडा समोरच होता. पण त्या आकड्याने आपलं काय बिघडणार आहे हे त्या क्षणी त्याला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची गरजही वाटली नव्हती. गंमत पुढे आहे. त्या रात्री हा माणूस पहाटे अडीचपर्यंत विकी वाचत बसला. इंजिनिअरिंगची चार वर्षं लोकांच्या नोट्सच्या झेरॉक्सवर काढलेला माणूस! दुसऱ्या दिवशी मलाच शिकवायला लागला की प्रांत टप्प्याटप्प्याने घ्यायचे असतात आणि हा आकडा काळाबरोबर उतरतो.

आता जरा मागे जाऊ. १९९१ ला मायक्रोप्रोजची 'सिव्हिलायझेशन' आली तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. सिड मायरचं नाव सगळ्यांना माहीत असतं. पण तिचं मॅन्युअल ब्रूस शेलीने लिहिलं होतं. तो गेमचा सहडिझायनर, आणि त्याआधी अ‍ॅव्हलॉन हिल या बोर्ड गेम काढणाऱ्या कंपनीत काम केलेला. मला हे महत्त्वाचं वाटतं. बोर्ड गेममध्ये नियमांचं पुस्तक हरवलं की गेम संपला, कारण हिशेब खेळणाऱ्यांनीच करायचा असतो. कॉम्प्युटर आला आणि हिशेब तो करायला लागला. त्याबरोबर आपला समज झाला की नियम माहीत असायची गरजही संपली.

त्या गेमचा सगळ्यात गाजलेला किस्सा म्हणजे भाले घेतलेल्या फॅलँक्सने बॅटलशिप बुडवणं. लोक अजूनही तो बग म्हणून सांगतात. गणित करून बघा. बॅटलशिपचा हल्ला १८, फॅलँक्सचा बचाव २. पण शहर टेकडीवर असेल तर बचाव दुप्पट, तुकडी मोर्चा बांधून बसली असेल तर दीडपट, अनुभवी असेल तर आणखी दीडपट. झाले ९. आणि निकाल ताकदीच्या प्रमाणात लागतो, म्हणजे ढोबळमानाने तीनात एकदा फॅलँक्स जिंकणारच. तुम्हाला हा नियम पटणार नाही, मलाही पटत नाही. १९९६ च्या दुसऱ्या भागात हिट पॉइंट आणि फायरपॉवर आणून तो दुरुस्तही केला. पण तो नियम होता, बग नव्हता. आणि हा फरक फक्त पुस्तक असलं तरच करता येतो. आपण कोड लिहिणारे लोक आहोत, आपल्याला तरी हे सांगायला नको. स्पेकच नसेल तर टेस्टर बग कशाच्या आधारावर टाकणार?

पुस्तक नसलं की काय होतं तेही बघा. त्याच गेममधल्या गांधींची गोष्ट ऐकली असेलच. गांधींची आक्रमकता १, लोकशाही आली की २ वजा, म्हणून आकडा उलटा फिरून २५५ झाला आणि गांधी अणुबॉम्ब टाकत सुटले. मी स्वतः कॉलेजात ज्युनियरांना ओव्हरफ्लो शिकवताना ही गोष्ट रंगवून सांगितली आहे. २०२० मध्ये सिड मायरने आपल्या आठवणींच्या पुस्तकात सांगून टाकलं की असा बग नव्हताच. लिखित काही नसलं की अशा दंतकथा चालतात, आणि इंजिनिअर लोकच त्या सगळ्यात जोरात चालवतात. (मी धरून.)

माझ्या वयाच्या लोकांनी मॅन्युअल पाहिलंच कुठे म्हणा. आमच्याकडे 'एज ऑफ एम्पायर्स २' आली ती पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या कॉपी केलेल्या सीडीवर, वर मार्करने लिहिलेलं नाव. मूळ खोक्यात टेक ट्रीचा घडी घातलेला मोठा तक्ता असायचा हे मला नोकरी लागल्यावर कळलं. भालेवाल्याचा हल्ला स्क्रीनवर ३ दिसायचा, म्हणून आम्ही त्याला कायम फडतूस समजलो. घोडेस्वारासमोर त्याला मोठा बोनस मिळतो, तो आकडा तिथे दिसत नव्हता. सोसायटीतल्या एकाच पोराला हे माहीत होतं आणि त्याने ते दोन वर्षं कुणाला सांगितलं नाही. अजून राग आहे.

समोरच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे, तो मान्य करतो. १९८७ मध्ये जॉन कॅरोल आणि मेरी बेथ रॉसन यांनी लिहून ठेवलंय की लोक नवीन सॉफ्टवेअर हातात आलं की सरळ कामाला लागतात, आधी वाचत बसत नाहीत, भले वाचल्याने पुढे वेळ वाचणार असला तरी. आमच्या क्षेत्रात हे वाक्य 'मॅन्युअल लिहू नका' याचा पुरावा म्हणून फेकलं जातं. पण कॅरोलने पुढे काय केलं? त्याने मॅन्युअल फेकलं नाही. त्याने छोटं, कामापुरतं, चूक झाल्यावर तिथून बाहेर कसं यायचं हे सांगणारं मॅन्युअल बनवायच्या मागे वर्षं घालवली. म्हणजे त्याला कळलं होतं की माणूस पुस्तकाकडे अडल्यावर येतो.

आणि कागद वाचवायचं कारण तर सांगूच नका. २०१० मध्ये युबिसॉफ्टने कन्सोलच्या गेम्समधली छापील मॅन्युअलं बंद करायची घोषणा केली, पर्यावरणासाठी. ठीक आहे, झाडं वाचवा. पण कागद बंद करणं आणि लिहिणं बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच वर्षी 'सिव्हिलायझेशन ५' चं मॅन्युअल दोनशेच्या वर पानांच्या पीडीएफमध्ये आलंच की. 'क्रुसेडर किंग्ज ३' (२०२०) मध्ये तर शब्दावर माउस नेला की व्याख्या उघडते आणि त्या व्याख्येतल्या शब्दावर नेला की पुढची. हेही मॅन्युअलच, आणि अडलेल्या माणसाच्या अगदी समोर ठेवलेलं. मला हे फार आवडतं.

माझी तक्रार बाकीच्यांबद्दल आहे, आणि ती पैशाची आहे. मॅन्युअल गेलं म्हणजे काम गेलं नाही, फक्त त्याचा पगार गेला. ते काम आता विकीवर फुकटात होतं. रात्री जागून सेव्ह फाइल उघडणारी, एकेक सूत्र आकडे टाकून तपासणारी पोरं ते करतात. दर पॅचला पानं शिळी होतात, वर पाटी लटकते की हे पान अमुक जुन्या व्हर्जनपर्यंतच तपासलेलं आहे. जे विकीवर नाही ते व्हिडिओत: एक आकडा हवा असतो, त्यासाठी बावीस मिनिटांचा व्हिडिओ, त्यात पहिली तीन मिनिटं सबस्क्राइब करा. सूत्र ज्याने लिहिलं तो प्रोग्रामर पगार घेऊन ऑफिसात बसलेला असतो. त्याला दोन ओळी खरडायला दहा मिनिटं लागली असती. बाहेरच्या माणसाला तेच शोधायला दोन शनिवार-रविवार जातात.

आणि मग आपण जेवणाच्या टेबलावर म्हणतो, कोणी वाचत नाही.

असो. सोमवारी त्या मॉड्यूलचं डॉक्युमेंट मीच लिहायला घेतोय. पहिलं प्रकरण 'ओळख' नसेल, 'एरर ४०७ आला तर' हे असेल. ज्याने टोमणा मारला त्यालाच रिव्ह्यूला टाकणार आहे :)