जन्मपत्रिका आणि फुटबॉल

खेळांतील गैरवर्तन म्हटलें म्हणजे लांच, सट्टा किंवा उत्तेजक द्रव्यें एवढेंच आपल्या मनांत येतें. परंतु इ.स. २०२३ च्या सप्टेंबर महिन्यांत ‘इंडियन एक्स्प्रेस’ या वृत्तपत्रानें भारताच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाविषयीं जें वृत्त छापलें तें या तिन्ही प्रकारांत बसणारें नव्हतें. पुष्कळ वाचक तें वाचून हंसले आणि पान उलटून मोकळे झाले. आम्हांस मात्र तें हंसून सोडून देण्याजोगें वाटलें नाहीं. आणि ज्यांचीं मुलें क्रीडांगणावर खेळतात त्या पालकांसहि तें तसें वाटूं नये.

वृत्त असें होतें. संघाचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच हे क्रोएशियाचे. १९९८ च्या विश्वचषकांत तिसरा क्रमांक मिळविणाऱ्या त्यांच्या देशाच्या संघांत ते पिछाडी सांभाळीत. जून २०२२ मध्यें आशिया चषकाच्या पात्रतेचे सामने कलकत्त्यास होते व ११ तारखेस अफगाणिस्तानशीं गांठ होती. त्यापूर्वीं दोन दिवस स्टिमाच यांनीं ११ खेळाडूंची यादी दिल्लीकडील एका ज्योतिष्याकडे धाडली. कोणाचा दिवस उत्तम, कोणाचा बेताचा, कोणीं फाजील आत्मविश्वास टाळावा, असे शेरे कांहीं तासांतच परत आले. आणि ज्यांचे ग्रह अनुकूल नव्हते असे दोन प्रमुख खेळाडू सामन्याच्या आरंभीच्या संघांत नव्हते. मे व जून मिळून अशा संदेशांची संख्या शंभराच्या घरांत गेली होती. ज्योतिष्यास फुटबॉल महासंघाकडून १२ ते १५ लक्ष रुपये मिळाले, आणि प्रशिक्षकांशीं त्याची ओळख महासंघाच्या त्या वेळच्या सरचिटणिसांनींच करून दिली, असेंहि त्यांत होतें.

हें शेवटचें वाक्य आमच्या मतें साऱ्या वृत्ताचें मर्म आहे. परदेशी पाहुण्यास नांवें ठेवणें सोपें. पण त्यास ज्योतिष्याचें दार दाखविलें तें आपल्याच मंडळींनीं.

तो सामना भारतानें २-१ असा जिंकला. तीनहि गोल अखेरच्या कांहीं मिनिटांत झाले. पुढें संघ पात्रहि ठरला व हाँगकाँगवर ४-० असा विजयहि त्यास मिळाला. तेव्हां ‘ज्योतिष फळलें, मग तक्रार कसली?’ असें कोणी म्हणेल. त्यास इतकेंच उत्तर पुरे, कीं ती मुख्य स्पर्धा जानेवारी २०२४ मध्यें कतार देशांत झाली तेव्हां आपला संघ तिन्ही सामने हरला व त्याच्या हातून एकहि गोल झाला नाहीं. पण आमची तक्रार जय-पराजयाची नाहींच. ती त्या दोन खेळाडूंची आहे. मागच्या सामन्यांत चुकला म्हणून एखाद्यास बसविलें, तर तो सराव करून पुनः उभा राहूं शकतो. दम कमी पडतो म्हणून बसविलें, तर पहांटे उठून धांवूं शकतो. जन्मवेळ मात्र कोणास सुधारतां येत नाहीं.

आणि जन्मवेळ तरी कोठून आणावी? हरसूल-पेठ-सुरगाणा या भागांत अशीं कितीतरी वडीलधारीं माणसें आहेत, कीं ज्यांची जन्मतारीख शाळेंत नांव घालतांना गुरुजींनींच १ जून अशी लिहून टाकली. त्या हिशेबानें आमच्या निम्म्या तालुक्याची रास एकच व्हावयाची! सावरपाड्याची कविता राऊत याच मुलखांतली. २०१० सालीं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत १०,००० मीटर धांवून तिनें कांस्यपदक मिळविलें. शेवटच्या रेषेवर तिची वाट पाहत घड्याळ होतें. त्यानें तिचे ग्रह विचारले नाहींत.

जन्मावरून खेळाडू तोलण्याची रीति महाराष्ट्रास नवी नव्हे. चर्मकार समाजांत जन्मलेले पालवणकर बाळू यांनीं १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत शंभरांहून अधिक बळी घेतले. तरी मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचें कर्णधारपद त्यांस कधीं रीतसर मिळालें नाहीं. १९२० सालीं तर त्यांस संघांतूनच वगळलें, तेव्हां विठ्ठल व शिवराम हे त्यांचे बंधू स्वतः होऊन बाहेर पडले आणि आपली बाजू त्यांनीं वृत्तपत्रांतून लोकांपुढें मांडली. त्यावर चर्चा झाली, वाद झाले. आणि १९२३ सालीं विठ्ठल यांस कर्णधार केलें गेलें. त्या वर्षीं हिंदू संघच विजयी झाला. तेथें जात पाहिली, येथें पत्रिका. दोहोंमध्यें पायांकडे व हातांकडे पाहावयाचें राहून गेलें, आणि दोन्ही वेळां तें लोकांस दाखवून दिलें तें छापील कागदानें.

म्हणून वृत्तपत्र जें करील तें सारें योग्य, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. इंग्लंडमध्यें २००६ सालीं ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ या पत्राच्या एका बातमीदारानें अरब शेखाचें सोंग घेऊन राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक एरिक्सन यांस बोलतें केलें व तें खाजगी बोलणें छापलें. २०१६ सालीं ‘डेली टेलिग्राफ’ च्या बातमीदारांनीं व्यापाऱ्यांचें सोंग घेतलें. खेळाडूंच्या मालकीविषयींचे नियम कसे चुकवितां येतात हें अॅलरडाइस या प्रशिक्षकांनीं त्यांस सांगितलें आणि अवघ्या ६७ दिवसांत, एक सामना खेळवून, त्यांस पद सोडावें लागलें. त्यास महिनाहि लोटला नाहीं तोंच तो पहिला ‘शेख’, मझहर महमूद, एका निराळ्या खटल्यांतील पुराव्याशीं खेळ केल्याबद्दल १५ महिन्यांसाठीं तुरुंगांत गेला. त्याचें तें १६८ वर्षांचें जुनें पत्र त्यापूर्वींच, २०११ सालीं, लोकांचे दूरध्वनि चोरून ऐकल्याच्या प्रकरणांत बंद पडलें होतें.

आपल्याकडील वृत्तांत असें सोंग नव्हतें. संदेश होते, तारखा होत्या, रकमा होत्या. खाजगी संदेश छापावे कां, हा प्रश्न कोणी काढील. घरगुती गोष्टी असत्या तर आम्हीहि तो काढला असता. येथें देशाच्या नांवानें खेळणारा संघ होता आणि पैसा महासंघाचा होता.

पण मग वृत्तपत्रांसहि एक प्रश्न विचारणें भाग आहे. जीं पत्रें त्या आठवड्यांत प्रशिक्षकांची थट्टा करीत होतीं, त्यांपैकीं कितीतरी पत्रांच्या आंतल्या पानावर त्याच दिवशीं बारा राशींचें भविष्य छापलेलें होतें. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे कबड्डीचे नामांकित खेळाडू होते, ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक होते, आणि अंधश्रद्धेशीं झगडण्यांत त्यांनीं आयुष्य वेंचलें. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांची हत्या झाली, आणि त्याच वर्षीं जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रांत झाला. त्या कायद्यानें पत्रिका पाहणें गुन्हा ठरत नाहीं. ठरावें असें आमचेंहि म्हणणें नाहीं. कोणीं घरीं बसून आपली रास खुशाल वाचावी. दुसऱ्याच्या मुलाची जागा तिच्यावरून ठरवूं नये, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

स्टिमाच त्या वृत्तानंतरहि पदावर राहिले. पुढें विश्वचषकाच्या पात्रता-फेरींत भारत कतारकडून २-१ असा हरून बाहेर पडला, आणि १७ जून २०२४ रोजीं महासंघानें त्यांस दूर केलें. कारण दिलें तें पात्रता-फेरींतील अपयशाचें.